रडारला चकवणारा रंग आणि रंगवणाऱ्याचा श्वास

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लोहाच्या काही कॅप्सूलच्या पाकिटावर बारीक अक्षरांत ‘कार्बोनिल आयर्न’ असं लिहिलेलं असतं. रक्तक्षय झालेल्या बायकांना, गरोदर मातांना या कॅप्सूल दिल्या जातात. हे लोखंड अतिशय शुद्ध असतं आणि त्याची पूड इतकी बारीक असते, की एकेक कण केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही लहान भरतो. पोटातल्या आम्लात ते हळूहळू विरघळतं आणि सावकाश रक्तात उतरतं.

हीच पूड चिकट रेझिनमध्ये कालवून लढाऊ विमानाला लावली, तर ते विमान शत्रूच्या रडारला उशिरा दिसतं. ‘स्टेल्थ’ विमानांच्या रंगाची एवढी चर्चा होते, त्या रंगातला एक जुना आणि महत्त्वाचा घटक म्हणजे हे कार्बोनिल लोखंड. एकाच पदार्थाची ही दोन रूपं. पोटातून गेलं तर औषध, विमानाला फासलं तर चिलखत. मग रंगवताना फवाऱ्याबरोबर छातीत गेलं तर? आणि त्या फवाऱ्यात लोखंडाच्या जोडीला आणखी काय काय असतं? हा प्रश्न फक्त विमानाच्या कारखान्यापुरता नाही. तो डोंबिवलीच्या गॅलरीत बसून विमानांची छोटी मॉडेल रंगवणाऱ्या हौशी माणसाचाही आहे, आणि कल्याणच्या गॅरेजमध्ये गाड्यांना स्प्रे मारणाऱ्या पोराचाही.

डोंबिवलीकरांना रंग आणि रसायनं नवी नाहीत. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता. २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत झालेल्या स्फोटांनी इथल्या घरांच्या काचा फुटल्या. तिथून लोकलने पाच स्थानकं पुढे गेलं, की अंबरनाथ. तिथे संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची, म्हणजे डीआरडीओची, नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी आहे. मुंबईच्या नौदल गोदीत १९५३ साली सुरू झालेली ही प्रयोगशाळा पुढे अंबरनाथला आली. जहाजाचा गंज रोखणारे रंग, आवाज शोषून घेणारं रबर, पाणबुडीसाठी फ्युएल सेल असं काम तिथे चालतं. युद्धनौका असो की विमान, ते शत्रूला सहज सापडू नये यासाठी पृष्ठभागावर काय लावायचं, हा पदार्थविज्ञानाचा मोठा प्रश्न आहे. तेव्हा हा विषय ठाणे जिल्ह्याला वाटतो तितका लांबचा नाही.

लहर आत घेण्याची युक्ती

रडार म्हणजे रेडिओ लहरींची हाळी. रडार लहर सोडतं, ती विमानावर आपटून परत येते, आणि किती वेळाने परत आली यावरून विमान किती लांब आहे ते कळतं. लढाऊ विमानांवरची बरीचशी रडार ज्या लहरी वापरतात त्यांची लांबी साधारण तीन सेंटिमीटर असते. धातूचा पत्रा या लहरींना आरशासारखा परतवतो.

परतणारी लहर कमी करायचे मुख्य मार्ग दोन. पहिला, विमानाचा आकारच असा ठेवायचा की लहर आपटून भलतीकडे जाईल, रडारकडे परत जाणार नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या गणिताचा आधार घेऊन अमेरिकेने एफ-११७ हे कोनाकोनांचं विमान बनवलं. त्याने १९८१ साली पहिलं उड्डाण केलं. स्टेल्थमध्ये मोठा वाटा आकाराचाच असतो. आकाराने जे साधत नाही ते दुसऱ्या मार्गाने, म्हणजे लेपाने साधायचं. कडा, फटी, इंजिनाच्या हवेची तोंडं इथे लेपाचं काम पडतं.

लेपाचं काम समजायला सोनोग्राफी आठवावी. पोटावर आधी गार, बुळबुळीत जेल का लावतात? मशीनचा ध्वनी हवेतून थेट कातडीवर आला, तर जवळजवळ सगळाच परत फिरतो, कारण हवा आणि शरीर यांचा ध्वनीला होणारा विरोध अगदी वेगळा असतो. जेल मधली हवा काढून टाकतं आणि ध्वनी आत शिरतो. रडारच्या लेपालाही पहिलं काम हेच करावं लागतं. लहरीला दारातून परत न पाठवता आत घ्यायचं. दुसरं काम मात्र जेलच्या उलट. आत आलेल्या लहरीला पलीकडे जाऊ द्यायचं नाही, तिथेच जिरवायचं.

ते जिरवण्याचं काम लोखंडाचे कण करतात. रडारची लहर सेकंदाला अब्जावधी वेळा दिशा बदलते. लोखंडाच्या कणांमधलं चुंबकत्व तिच्यामागे वळू पाहतं, पण त्याला ते नीट जमत नाही. या ओढाताणीत लहरीची ऊर्जा संपते आणि तिची किंचित उष्णता होते. ती इतकी कमी असते की विमानाला तिचा पत्ताही लागत नाही. यात एक मेख आहे. प्रत्येक कणाभोवती रेझिनचं आवरण हवं. कण एकमेकांना चिकटले, की सगळा लेप पुन्हा धातूच्या पत्र्यासारखा वागू लागतो आणि लहर परतवतो. म्हणून लोखंड किती, रेझिन किती, थर किती मिलिमीटरचा, याचं गणित काटेकोर असतं. थर थोडा जाड-पातळ झाला, तरी लेप भलत्याच लांबीच्या लहरीवर काम करू लागतो.

एवढं करून मिळतं काय? इथे लोकांचा अंदाज हमखास चुकतो. लेपाने ९९ टक्के लहर गिळली, तर विमान जवळपास अदृश्य झालं असं वाटतं. पण रडारचं गणित चौथ्या मुळाचं आहे. परत येणारी लहर शंभर पटींनी कमी झाली, तर विमान दिसण्याचं अंतर फक्त एक तृतीयांशापर्यंत खाली येतं. म्हणजे २०० किलोमीटरवरून दिसणारं विमान साधारण ६३ किलोमीटरवर दिसू लागेल. ते ‘गायब’ होत नाही, उशिरा दिसतं. लढाईत या उशिरालाच किंमत असते. तरीही हे अभेद्य कवच नव्हे. २७ मार्च १९९९ रोजी सर्बियात एक एफ-११७ जमिनीवरच्या क्षेपणास्त्राने पाडलं गेलंच.

भारतातही या विषयावर काम सुरू आहे. माझगाव गोदीत बांधलेली ‘आयएनएस शिवालिक’ ही स्टेल्थ फ्रिगेट २०१० साली नौदलात आली. ‘ॲम्का’ या स्वदेशी स्टेल्थ लढाऊ विमानाच्या विकासाला मार्च २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कानपूर आयआयटीने ‘अनालक्ष्य’ नावाचं, रडारच्या लहरी शोषणारं कापडासारखं आवरण सादर केलं.

डोळ्यांसाठी वेगळा, रडारसाठी वेगळा

कल्याणला दुर्गाडी किल्ल्याजवळ खाडीकाठी नौदलाची निवृत्त नौका ‘टी-८०’ ठेवलेली आहे. नौदलाच्या बोटी करड्या का असतात, असं तिथे एखादं पोर विचारतंच. करडा रंग समुद्राच्या आणि आभाळाच्या धूसर पार्श्वभूमीत मिसळतो, म्हणून. पण हे लपणं माणसाच्या डोळ्यांपासूनचं. रडारला रंग दिसत नाही. त्याच्या लेखी करडा काय नि भगवा काय, सारखाच. म्हणजे स्टेल्थ विमानावर एकात एक दोन कामं चालू असतात. वरची छटा डोळ्यांना फसवते आणि तिच्याबरोबरचा किंवा खालचा लेप रडारला.

मॉडेल बनवणाऱ्यांची खरी पंचाईत इथेच होते. १:७२ प्रमाणातलं एफ-३५ जेमतेम २२ सेंटिमीटर लांबीचं असतं. त्यावर रडारचा लेप नको असतो, पण तो लेप दिसतो कसा ते हुबेहूब उतरायला हवं असतं. अमेरिकी विमानांच्या छटांना पाच आकडी क्रमांक असतात. एफ-३५ चा आणि ‘हॅव ग्लास’ लेप दिलेल्या अलीकडच्या एफ-१६ विमानांचा करडा म्हणजे ३६१७०. यातला पहिला ३ सांगतो की रंग बिनचकाकीचा आहे, दुसरा ६ सांगतो की तो करड्यांच्या गटातला आहे. पण क्रमांक जुळला म्हणून रंग जुळत नाही. या लेपांना एक विचित्र धातूसारखी झाक असते. एफ-२२ कडे एका बाजूने पाहिलं तर ते फिकट चंदेरी दिसतं आणि दुसऱ्या बाजूने गडद. मग कोणी करड्यात चिमूटभर चंदेरी मिसळतो, कोणी वरून मोतिया चमक असलेला पारदर्शक हात मारतो. एफ-३५ च्या जोडांवर लेपाच्या वेगळ्या छटेच्या पट्ट्या असतात. त्या मास्किंग टेप लावून एकेक रंगवाव्या लागतात.

लेप जुना झाला की आणखी गंमत. काही वर्षांपूर्वी अमेरिकी विमानवाहू नौकेवरच्या एफ-३५सी विमानांचे फोटो आले, तेव्हा अंगभर तांबूस डाग पाहून लोक चक्रावले. विमानाचा सांगाडा गंजणारा नाही, मग गंज आला कुठून? लेपातल्या लोखंडाला समुद्राची खारी हवा लागल्याचा हा परिणाम, असं जाणकारांचं मत आहे. मॉडेलवाल्यांनी मग तो गंजही रंगवायला घेतला.

या छंदाने एकदा खऱ्या संरक्षण खात्यालाही घाम फोडला होता. १९८६ साली टेस्टर्स या अमेरिकी कंपनीने ‘एफ-१९ स्टेल्थ फायटर’ नावाचं मॉडेल बाजारात आणलं. खरं विमान तेव्हा गुप्त होतं. खेळण्याच्या दुकानात मिळणारी गोष्ट लोकप्रतिनिधींना मात्र दाखवली जात नाही, म्हणून अमेरिकी संसदेत आवाज उठला. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९८८ मध्ये खरं एफ-११७ जाहीर झालं, तेव्हा त्याचा आकार मॉडेलहून अगदीच वेगळा निघाला.

गुप्ततेची किंमत

आकाराचं गुपित उघडं पडलं. लेपाचं गुपित बराच काळ टिकलं, आणि त्याची किंमत ते लेप हाताळणाऱ्यांनी मोजली, असा आरोप झाला. नेवाडाच्या वाळवंटातल्या ‘एरिया ५१’ या गुप्त तळावर काम केलेल्या काही कामगारांनी आणि मृत सहकाऱ्यांच्या विधवांनी १९९४ साली अमेरिकी सरकारवर खटला भरला. स्टेल्थ विमानांचे उरलेले लेप, रेझिन आणि सॉल्व्हंट उघड्या खड्ड्यांत टाकून जाळले जात, तो धूर आमच्या अंगावर येई, असं त्यांचं म्हणणं होतं. कातडी जाड होऊन तिला माशासारखे खवले येणं, श्वासाचा त्रास अशा त्यांच्या तक्रारी होत्या. आम्ही कशाच्या संपर्कात आलो तेवढं तरी सांगा, म्हणजे डॉक्टरांना उपचार करता येतील, ही त्यांची साधी मागणी होती. १९९५ साली राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून त्या तळाला ही माहिती उघड करण्यापासून सूट दिली. पुढे खटला निकालात निघाला. माहिती बाहेर आली नाही.

रंग कुठलाही असो, त्यात काय आहे हे माहीत असणं ही रंगवणाऱ्याच्या संरक्षणाची पहिली पायरी आहे. लष्करी तळावर गुप्ततेमुळे ती चुकली. आपल्याकडे डब्यावरचं लेबल वाचलं जात नाही म्हणून चुकते.

हार्डनरच्या डब्यात काय असतं?

आधी लोखंडाविषयी. बारीक लोहकण वर्षानुवर्षं श्वासातून गेले तर ते फुप्फुसात साठतात आणि एक्स-रेवर ठिपके दिसतात. वेल्डिंग करणाऱ्यांमध्ये हा प्रकार डॉक्टरांच्या ओळखीचा आहे. त्याला सिडेरोसिस म्हणतात. निव्वळ लोखंडाचा हा आजार तुलनेने सौम्य असतो. म्हणजे रडारच्या लेपातला जो घटक सर्वांत गाजलेला, तो माणसाच्या छातीला सर्वांत घातक नाही.

जास्त घातक आहेत त्याचे सोबती. विमानाच्या ॲल्युमिनियमला गंज लागू नये म्हणून जे जुने प्रायमर लावतात, त्यांत क्रोमेट असतं. हे षट्‌संयुजी क्रोमियम फुप्फुसाचा कर्करोग घडवतं, हे सिद्ध झालेलं आहे. दुसरा सोबती म्हणजे आयसोसायनेट. विमानांचे, गाड्यांचे आणि फर्निचरचे टिकाऊ रंग बहुधा पॉलियुरेथेनचे, म्हणजे बाजारभाषेत ‘पीयू’ असतात. ते दोन डब्यांत येतात. एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. दोन्ही मिसळले की रासायनिक क्रिया होऊन रंग दगडासारखा घट्ट होतो.

आयसोसायनेट म्हटलं की भोपाळ आठवतं. डिसेंबर १९८४ मध्ये तिथे सुटलेला मिथाइल आयसोसायनेट याच कुळातला, पण तो सहज वाफ होणारा आणि फार विषारी. रंगाच्या हार्डनरमधले भाऊबंद तितक्या सहज उडत नाहीत. डबा नुसता उघडला म्हणून कोणी कोसळत नाही. पण स्प्रे गनमधून त्यांचं धुकं झालं, की त्यातले बारीक थेंब थेट श्वासनलिकेच्या खोल फांद्यांपर्यंत जातात. तिथे ते शरीराच्या प्रतिकारशक्तीला डिवचतात. काही जणांत काही आठवड्यांत, काहींत काही वर्षांनी शरीर त्या रसायनाला कायमचं शत्रू ठरवतं. मग अगदी थोडा अंश हवेत असला तरी दमा उसळतो. कामातून होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत जगभर आयसोसायनेटची गणना होते. त्वचेवर सांडलेलं हार्डनरही शरीराला असं संवेदनशील करू शकतं.

यातला फसवा भाग असा, की नाक इथे कामाला येत नाही. आयसोसायनेटचा वास जाणवतो तेव्हा हवेतलं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या पुढे गेलेलं असतं. जो उग्र वास येतो तो सॉल्व्हंटचा, आणि त्यालाही नाक काही मिनिटांत सरावतं. ‘आता वास येत नाही’ याचा अर्थ ‘आता हवा स्वच्छ आहे’ असा होत नाही. रडारला फसवणाऱ्या लेपाचा फवारा माणसाच्या नाकालाही असाच फसवतो.

रंग सुकून पूर्ण घट्ट झाला, की आयसोसायनेटचा धोका जवळजवळ संपतो. पीयू पॉलिश केलेल्या कपाटाला हात लावल्याने काही होत नाही. धोका असतो फवारताना, आणि नंतर तो थर घासताना उडणाऱ्या धुळीत. म्हणून जोखीम गिऱ्हाइकाची कमी आणि कारागिराची जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर रंगकाम या व्यवसायालाच १९८९ पासून मानवात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात ठेवलं आहे.

गॅलरीतला कारखाना

आता डोंबिवलीच्या वन बीएचकेत येऊ. रविवारची सकाळ. गॅलरीत वर्तमानपत्र पसरलेलं. छोटा कॉम्प्रेसर घरघरतोय, हातात एअरब्रश, समोर प्लास्टिकचं विमान. पलीकडे स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या. मॉडेलच्या रंगात कार्बोनिल लोखंड नसतं. धातूसारखी झाक ॲल्युमिनियमच्या किंवा अभ्रकाच्या बारीक कणांनी येते. ‘झिंक क्रोमेट’ नावाच्या छटेच्या बाटलीतही बहुधा ती पिवळट-हिरवी छटाच असते, खरं क्रोमेट नव्हे. तरीही लेबल वाचूनच खात्री करावी.

मॉडेलचे रंग ढोबळमानाने तीन प्रकारचे. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक, तेलकट इनॅमल आणि भराभर सुकणारे लॅकर. हुबेहूब धातूची झाक लॅकरने छान येते म्हणून जाणते लोक त्याकडे वळतात. त्यात आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या सुट्या थिनरमध्ये टोल्युइन, झायलिनसारखी सॉल्व्हंट असू शकतात. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं ही त्यांची तात्काळची लक्षणं. वर्षानुवर्षं रोज संपर्क आला तर मेंदू आणि मज्जातंतूंवर परिणाम होतो. गरोदर स्त्रीने आणि लहान मुलांनी या वाफांपासून दूर राहायला हवं. पावसाळ्यात धोका वाढतो. दमट हवेत लॅकर पांढरट पडतं, म्हणून खिडक्या लावून घेतल्या जातात आणि सगळी वाफ घरातच कोंडते.

घरात मॉडेल रंगवणाऱ्यांनी काही गोष्टी पाळल्या तर छंद बिनघोर राहील.

सुरुवात पाण्याच्या ॲक्रिलिकने करावी. ते कमी त्रासाचे असतात, निरुपद्रवी मात्र नसतात. त्यांचाही फवारा छातीत जायला नको.

सर्जिकल मास्क, रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही. एन-९५ थेंब अडवतो, वाफ नाही. सॉल्व्हंटसाठी सेंद्रिय वाफ शोषणारं कार्ट्रिज आणि पुढे कणांचं फिल्टर असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा रबरी मास्क हवा. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. काम झाल्यावर कार्ट्रिज हवाबंद डब्यात ठेवावं. उघड्यावर ठेवलं तर ते हवेतल्या वाफा शोषत राहतं आणि लवकर निकामी होतं.

पंखा असा लावावा की हवा आपल्याकडून रंगाकडे आणि तिथून बाहेर जाईल, शेजारच्यांच्या खिडकीत नव्हे. सॉल्व्हंटची वाफ पेट घेते. गॅस, उदबत्ती, देवापुढची समई किंवा ठिणगी उडणारी मोटर जवळ असताना स्प्रे मारू नये.

दोन डब्यांचा पीयू क्लिअर कोट घरात फवारू नये. गाड्यांच्या मॉडेलवर काचेसारखी चमक आणण्यासाठी काही जण तो वापरतात. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि वेगळा बूथ लागतो. तो घरी नसतो.

प्लास्टिक आणि पुट्टी घासताना वॉटर पेपर ओला करून घासावा, म्हणजे धूळ उडत नाही. ब्रशचं टोक ओठांनी करण्याची सवय सोडावी. रंग हाताला असताना चहा-बिस्किट नको.

डॉक्टरला काय सांगायचं?

हौशी माणूस आठवड्यातून एक-दोन तास रंगवतो. भिवंडी, कल्याण, उल्हासनगरच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये आणि छोट्या कारखान्यांत रंगवणारा कारागीर रोज आठ-दहा तास रंगवतो, तोही तोंडाला रुमाल बांधून. ठाण्याच्या नव्या इमारतींमध्ये फ्लॅटचं इंटिरिअर सुरू असतं, तेव्हा दारं-खिडक्या लावून पीयू पॉलिश मारलं जातं, धूळ बसू नये म्हणून. शेजारच्यांना वासाचा त्रास होतो, ते तक्रार करतात. आत असलेल्या माणसाची तक्रार कोणी करत नाही.

हा दमा ओळखणं अवघड असतं, कारण तो बऱ्याचदा कामाच्या वेळी येत नाही. संध्याकाळी किंवा रात्री खोकला सुरू होतो, छाती आवळते, शिट्टीसारखा आवाज येतो. कारागिराला वाटतं हवा बदलली, थंड पाणी प्यायलं. दवाखान्यात कफ सिरप मिळतं, थोडं बरं वाटतं, काम पुन्हा सुरू. यातली खूण एकच. सुट्टीत, गावी गेल्यावर त्रास कमी होतो आणि कामावर परतलं की पुन्हा वाढतो. असं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. पीक फ्लो मीटर हे फुंकायचं छोटं, स्वस्त साधन असतं. कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांत दिवसातून चार वेळा फुंकून दोन-चार आठवडे आकडे लिहून ठेवले, तर चित्र बरंचसं स्पष्ट होतं. सोबत स्पायरोमेट्री करावी. वेळेवर ओळखून त्या रसायनापासून दूर झालं तर अनेकांचा दमा आटोक्यात येतो. इनहेलर घेत तेच काम करत राहिलं, तर तो कायमचा जडतो.

इटलीचे वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत ‘तू काम काय करतोस?’ या प्रश्नाची भर घाला, असा त्यांचा वैद्यांना सल्ला होता. रंगाऱ्यांच्या आजारांवरही त्यांनी लिहिलं होतं. तीनशे वर्षांनंतरही गर्दीच्या ओपीडीत हा प्रश्न सर्वांत आधी गळतो. कायदा मात्र गप्प नाही. कायद्याच्या सूचित आजारांच्या यादीत ‘आयसोसायनेट विषबाधे’चं नाव आहे, आणि असा रुग्ण आढळला तर डॉक्टरने तो कळवणं अपेक्षित आहे. डॉक्टरने कळवायचं तर आधी विचारायला हवं, आणि रुग्णाने सांगायला हवं.

घरगुती रंगांतल्या शिशावर देशात नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा आहे. ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी. औद्योगिक रंग तिच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे कारागिराच्या बाबतीत मालकाने घेतलेली काळजी, डब्यावरचं लेबल आणि योग्य मास्क हाच आधार उरतो. डब्याबरोबर रसायनाच्या सुरक्षेची माहिती देणारं पत्रक मागता येतं. ते मागावं. हार्डनरचा डबा दवाखान्यात आणणं शक्य नसेल, तर मोबाइलवर लेबलचा फोटो काढून आणावा. डॉक्टरचं अर्धं काम तिथेच होतं.

स्टेल्थ लेप बनवणाऱ्यांना ठाऊक असतं की एक मिलिमीटरच्या चुकीने विमान रडारवर उघडं पडतं. म्हणून ते थराची जाडी पुन्हा पुन्हा मोजतात. तो थर फवारणाऱ्याच्या छातीत किती गेलं हेही तितक्याच काळजीने मोजलं गेलं पाहिजे. लोखंडाची तीच पूड कॅप्सूलमधून पोटात गेली की औषध ठरते, कारण ती किती द्यायची आणि कुठल्या वाटेने द्यायची हे डॉक्टर ठरवतो. फवाऱ्यातून किती जायचं आणि कुठून जायचं हे बहुधा कोणीच ठरवत नाही. गॅलरीत असो, गॅरेजमध्ये असो की हँगरमध्ये, ते ठरवण्याची सुरुवात नीट बसलेल्या मास्कने आणि उघड्या खिडकीने करता येते.